माझ्या फोल्डरमधली माणसं

३ तारीख, सोमवार
आज रुजू झाले! ताईने सकाळी सहालाच फोन करून उठवलं, जणू मी पहिलीच्या वर्गात निघाले होते. हवामानाच्या जुन्या नोंदींचं हे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. माझ्यासकट अकरा माणसं. ऐंशी वर्षांचे पावसाचे आणि वाऱ्याचे आकडे कागदावरून संगणकात घ्यायचे आणि त्यांचे आलेख काढायचे, हे माझं काम. शेजारच्या टेबलावर टंकलेखिका बसतात. त्यांना सगळे माई म्हणतात. माझ्या टेबलाचा खण अडकत होता, तर त्यांनी त्याच्या कडेला मेणबत्ती घासून दिली. म्हणाल्या, इथली लाकडं काय आणि माणसं काय, जरा गोंजारली की चालतात. माझ्याआधीचा माणूस टिकला नाही म्हणे. मी टिकणार.

४ तारीख, मंगळवार
आलेख काढायचा प्रोग्रामच नाही. तो आणायचा, तर त्याला लागणारे दुसरे आणायचे, त्यांना लागणारे तिसरे. हे सगळं आपोआप करतो तो पॅकेज मॅनेजर. तो बसवायची परवानगी मागायला सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे गेले. कशालाच हो म्हणत नाहीत म्हणून त्यांचं नाव पडलंय ‘कुलूप’. मुख्य यंत्रणेला हात लावायचा नाही, स्वतःच्या फोल्डरमध्ये काय हवा तो संसार मांड, म्हणाले. इथे बाहेरचं इंटरनेट बंद, पण आधीच्या माणसाने या मॅनेजरचा सोर्स कोड, म्हणजे तो ज्यातून बनतो ते मूळ लिखाण, मागे ठेवला होता.
मांडला संसार. कोड उलगडला, कुठे बसायचं म्हणून माझ्या फोल्डरचा पत्ता दिला आणि कंपाइल करायला, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम बनवायला घेतलं. तीनदा तोंडावर आपटले. कधी त्याला लागणारी ही लायब्ररी यंत्रात नाही, कधी ती. चौथ्या खेपेला, दुपारी चारला, एकही चूक न दाखवता बसला. माईंना काडीचं कळलं नाही, तरी टाळ्या त्यांनीच वाजवल्या. मग चहा घेताना बराच वेळ बोलल्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा दूर देशी, फोन करत नाही.

५ तारीख, बुधवार
काय काय बसलंय त्याची यादी पॅकेज मॅनेजरकडे मागितली. अजून त्याच्याकडून काहीच आणलं नव्हतं, म्हणजे रिकामी यायला हवी होती. अकरा नावं आली. माई. कुलूप. साहेब. दारावरचे काका. शेवटचं माझं. प्रत्येक नावापुढे, ते कुणाकुणाला लागतं तेही लिहिलेलं. आधीच्या माणसाचा वात्रटपणा म्हणावा, तर माझं नाव त्याला कुठून ठाऊक? कुलूपांना दाखवलं. तुझ्या घरातली भांडी तूच मोज, म्हणाले आणि चालू लागले.

६ तारीख, गुरुवार
सर्व्हरवर मला दिलेली जागा भरली. जी पॅकेजेस, म्हणजे बसवलेले प्रोग्राम, कुणालाच लागत नाहीत ती काढून टाकायची एक कमांड असते, ती दिली. एकच नाव आलं. माई. लागतं कुणाला? कुणालाही नाही. काढू?
वळून पाहिलं. माई खिडकीशी बसून चष्मा पुसत होत्या.
गंमत म्हणून ‘हो’ दाबलं.

७ तारीख, शुक्रवार
माई आल्या नाहीत. त्यांचं टेबलही नाही. तिथे कपाट आहे, आणि ते आज ठेवल्यासारखं दिसत नाही, त्याच्या पायांशी कित्येक वर्षांची धूळ आहे. साहेब म्हणाले, आपल्याकडे टंकलेखिका कधीच नव्हती. दारावरच्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, कोण माई, पोरी?
परत बसवायची कमांड दिली. दहा वेळा. असं पॅकेज सापडत नाही.
गंमत म्हणून. मी गंमत म्हणून दाबलं.

१० तारीख, सोमवार
आता पॅकेज मॅनेजर आपणहून साफसफाई करतो. शनिवारी एक नाव, आज दोन. आज कुलूप गेले. त्यांच्या खोलीत साहेबांच्या फायली आहेत, आणि म्हणे पहिल्यापासून तिथेच आहेत.
अख्खा फोल्डरच पुसायला घेतला. त्याने विचारलं — आत सात जण आहेत, सगळे जातील, पुढे जाऊ?
हात मागे घेतला. मीही आतच आहे.

११ तारीख, मंगळवार
माझ्या नावापुढे आता — कुणालाही नाही. आठवड्यापूर्वी आलेली मी, इथे कुणाला लागणार?
त्याची फाइल उघडून हाताने एक ओळ घातली. ताईला मी लागते. खोटं नाही ते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, माझ्यापायी लग्न केलं नाही.
ओळ मान्य झाली. सुटले.

१२ तारीख, बुधवार
यादीत ताई आहे.
मी आणली तिला. इथल्या कशाशी तिचा संबंध नव्हता. मी आणली.
ओळ खोडली. पुन्हा उगवली. खोडली — पुन्हा. ताईच्या नावापुढे लिहिलंय, लागते कुणाला. मला. फक्त मला.

१३ तारीख
सूचना आली. या दोघी एकमेकींनाच लागतात. बाहेरच्या कुणालाही नाहीत. दोघींना काढत आहे. दुपारी एक वाजता.
साहेबांपुढे हात जोडले. माझी ताई तुम्हाला हवी आहे, एवढं नुसतं म्हणा. रजा घे, झोप काढ, म्हणाले.

पावणेएक. ताईने फोन उचलला. भाजी चिरत होती. विचारलं, तुझ्यावाचून कुणाचं अडतं, आठव, पटकन आठव.
हसली. “अगं वेडे, तुझ्याशिवाय मला आहे कोण?”
म्हटलं, शेजारणीला हाक मार, रस्त्यावरच्या कुणालाही हाक मार, तू हवीस असं एकाने तरी — गॅस बारीक करून येते म्हणाली. फोन ओट्यावर ठेवला. पावलं ऐकू आली. नळ वाहतोय.

एकला तीन मिनिटं कमी. नळ थांबला. ताई —
ताई, फोन घे. मला तू लागतेस. तो धरत नाही ते, पण मला तू —