हार काढायचा नाही

१२ ऑक्टोबर २००५, दसरा
आजपासून रोजनिशी. आज घडलं ते कुठेतरी नोंदवून ठेवणं भाग आहे. क्षितिजाने माझ्या गाडीला हार घातला.

माझी म्हणजे कळंबच्या रिसॉर्टची, म्हणजे कागदोपत्री आलोशियस अंकलची. चार जाड टायरांची एटीव्ही. टुरिस्टांना मागे बसवून किनाऱ्यावर राउंड मारायचा. अंकलने गोव्याहून जुनी उचलली, माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं ते उगीच नाही. मला शिकवण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

हार तिने स्वतः ओवलेला. निर्मळ गावातल्या त्यांच्या वाडीतला झेंडू, मध्ये आंब्याची पानं. घालता घालता म्हणाली, दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत मला ही चालवायला शिकव. 'मला' आणि 'शिकव'. एकाच वाक्यात.

हार धवलच्या बाइकलाही घातला. जनरेटरला आणि पाण्याच्या पंपालाही घातला. पण धवलचा वीतभर, माझा चांगला दोन हात. यातला फरक कळायला बी.कॉम. लागत नाही. धवल बी.कॉम. आहे. रिसॉर्टचं बुकिंग बघतो आणि उरलेला वेळ काउंटर सांभाळणाऱ्या क्षितिजाला बघतो.

१३ ऑक्टोबर
धवलने स्वतःचा हार काढून बकरीला घातला. हँडलमध्ये अडकतो म्हणे. धड एक दिवस ठेवला नाही. असल्या माणसाला कुणी हार घालू नये.

निश्चय: माझा हार दिवाळीपर्यंत काढायचा नाही. वाऱ्यावर फडफडत होता म्हणून पुढच्या जाळीला तारेने चारी बाजूंनी आवळला. आता पाकळी हलत नाही. रोज सकाळी पाणी मारणार.

१६ ऑक्टोबर, रविवार
भर राउंडमध्ये लाल दिवा लागला. थर्मामीटरचं चित्र असलेला, म्हणजे इंजिन तापलं. गाडी थांबवली. मागे बोरिवलीचं जोडपं. त्यांना म्हटलं, जरा समुद्र बघा. बघितला. मग चालत परत गेले.

क्षितिजाला सांगितलं, मायनर आहे, उद्या शिकवतो.

१७ ऑक्टोबर
कूलंट बदललं. विहिरीचं पाणी नाही ओतलं, बाजारातलं हिरवं कूलंट. मी अडाणी नाही. ट्रायलला निघालो, सुरूच्या झाडांपर्यंत गेलो, दिवा लागला.

परत येतो तर धवल काउंटरला टेकून तिच्याशी बोलतोय. मी इंजिन थंड केलं, हात धुतले, पुन्हा धुतले, तरी बोलतोय. नंतर तिला सहज विचारलं, एवढं काय चाललं होतं. म्हणाली, बुकिंगचं. बुकिंगमध्ये हसण्यासारखं काय असतं?

१९ ऑक्टोबर
थर्मोस्टॅटचा संशय. इंजिन तापलं की हा उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे सोडतो. अडकला असेल तर? घरी आणून आईच्या चहाच्या पातेल्यात उकळला. व्यवस्थित उघडला.

पण पातेल्याला ऑइलचा वास राहिला. बाबांनी ऑफिसला निघताना अर्धा कप बेसिनमध्ये ओतला आणि कॉलेजचा विषय काढला. आमच्या घरी काहीही उकळा, वाफ कॉलेजचीच निघते.

२१ ऑक्टोबर
विचार केला, इंजिन तापतच नसेल. दिवा खोटं बोलत असेल. विरारहून नवा सेन्सर आणून बसवला. दिवा आधीपेक्षा लवकर लागला. म्हणजे नवा सेन्सर जास्त सेन्सिटिव्ह. निदान बरोबर होतं.

धवलने तिला बाइकवरून नाक्यापर्यंत सोडलं. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आज कोण बसलं? मी स्वतः. मागे बसून इंजिन थंड व्हायची वाट बघत होतो.

हाराची फुलं गळायला लागलीत. तिच्या हातची, फेकवेनात. जाळीच्या आत खोचून ठेवली. तिथे सुरक्षित आहेत.

२३ ऑक्टोबर, रविवार
रेडिएटरचा फॅन तपासला. गरगर फिरतो. कूलंट चांगलं, थर्मोस्टॅट चांगला, सेन्सर नवा. सगळं चांगलं असून गाडी बिघडते तेव्हा त्यात माणसाचा हात असतो. शेडची दुसरी किल्ली कुणाकडे? धवलकडे.

दुपारभर केवड्याच्या बेटामागे दबा धरून बसलो. अंगभर काटे. शेवटी धवल आला, इकडेतिकडे बघितलं, माझ्या गाडीखाली वाकला. मी धावत जाऊन कॉलर धरली. त्याच्या हातात बकरीचं पिल्लू होतं, गाडीखाली अडकलेलं. मागे क्षितिजा दूध घेऊन उभी. ती माझ्याशी बोलली नाही. पिल्लाशी बोलली.

कॉलर नीट करत धवल म्हणाला, आधी पुढचा तो कचरा काढ. कचरा म्हणाला. तिच्या फुलांना. मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

आता तर हार मुळीच काढणार नाही.

२६ ऑक्टोबर
अंकलने बोलावून घेतलं. "विघ्ना, दिवाळीला गाडी पळाली पायजे. नाय पळाली तर चावी धवलकडे, नि तू नारळपानी विकायला बस."

माझं नाव विघ्नेश. विघ्ना ते लाडाने म्हणतात.

खूप विचार केला. दिवा दिसला की ड्रायव्हरचं लक्ष उडतं, हात कापतो, गाडीलाही ते कळतं. लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. संध्याकाळी छोटा राउंड मारला, दिवा एकदाही दिसला नाही. दहा दिवसांपूर्वीच सुचायला हवं होतं.

२९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी
आज तिला शिकवणार. तिने स्वतःच विचारलं, गाडी झाली का? म्हणजे राग गेला. नवा शर्ट घातला. हाराला पाणी मारलं. रेती बसून बसून छान घट्ट झालाय, सिमेंटसारखा. धवलसमोरून दोनदा जायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ती हँडलवर, मी मागे. धवलसमोरून एकदाच गेलो. तो बघत होता. तेवढं एक मिनिट माझं.

सुरूपाशी ती म्हणाली, काहीतरी शिजल्याचा वास येतोय. म्हटलं, खाडीवर सुकट घातली असेल. मग शिट्टी वाजली. मग वाफ. मग हिरवं कूलंट, तिच्या पांढऱ्या ओढणीवर. भाजलं नाही, एवढंच बरं.

ती उतरली. चिकटपट्टी सोलली. खाली दिवा लालभडक. मग गाडीच्या पुढे जाऊन उकिडवी बसली आणि जाळीकडे बघतच राहिली.

"विघ्नेश, हा माझा दसऱ्याचा हार आहे?"

हो म्हटलं. रोज पाणी मारतो, हेही सांगितलं.

"अरे, समोरून वारा लागतो म्हणून तर ती थंड राहते. तू तिचं नाकच बांधून ठेवलंस."

पक्कड आणायला तिने धवलला हाक मारली. तो आला, हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मारता आलं असतं. दोघांनी मिळून तारा तोडल्या, रेडिएटरच्या पात्यांतून पाकळ्यांचा लगदा जुन्या टूथब्रशने उकरून काढला. दोघांची डोकी जवळजवळ. मी बादली धरून उभा.

शेवटी विचारलंच. मग माझा हार एवढा मोठा का केला होतास?

ती म्हणाली, गाडी रुंद आहे ना.

३० ऑक्टोबर, रविवार
गाडी सकाळपासून पळतेय. दिवा नाही. क्षितिजा चालवते, मागे धवल. समोरून गेले की ती हात करते. मी शहाळी सोलतो. शहाळं तापत नाही.

हार पिशवीत घालून घरी आणला. दारातच आईने विचारलं, "हा कुणाचा हार रे?"

"माझी," तोंडातून निघालं. डोक्यात अजून ती हात करत होती.

"माझा म्हण," आई म्हणाली. "कॉलेज सोडलंस, आता मराठी तरी सोडू नकोस."