दोन अर्धे डबे

शनि. ९ नोव्हें., खमीस मुशैत, सौदी
सुट्टी संपली. बहिणीने दिलेली सुकट, आमसुलं नईमला पोचती केली. मी गावी असताना या मेव्हण्याने नेमबाजी क्लबातली आमची काडतुसं भरायची खोली इतकी लख्ख केलीय की माझी अवजारं मलाच सापडेनात. जावईमाणूस, बोलणार कोण? आज रिव्हॉल्वरची काडतुसं भरली. उद्या क्लबाचे जुने सभासद अबू फहद नेमबाजीला येणार. दुकानातली त्यांना चालत नाहीत, माझ्याच हातची लागतात.

रवि. १०
अबू फहदच्या हातात रिव्हॉल्वर फुटलं. दुसऱ्याच बाराला. आवाज नेहमीचा नव्हता, एवढंच कळलं. रक्त. अंगठा नुसता लोंबत होता. मी पुतळ्यासारखा उभा. गाडी नईमने काढली. काडतुसं माझी होती. माझी.

सोम. ११
पोलिसांनी उरलेली काडतुसं नेली, खोलीला सील. डोकं चालत नाही. रिव्हॉल्वरसाठी फुगीर पावडर मी मुद्दाम निवडलेली. काडतुसाची नळी तिने अर्ध्याहून जास्त भरते. चुकून दोनदा ओतली तर बाहेर सांडते, आंधळ्यालाही कळेल. मग हे झालं कसं?

मंगळ. १२
कळलं. न कळतं तर बरं.
छऱ्याच्या काडतुसांची पावडर अर्धा डबा होती, ती कुठे ठेवलीस, असं नईमला सहज विचारलं.
"भाई, दोन्ही काळीच ना? अर्धे अर्धे डबे होते, जागा अडत होती. एकात ओतले."
आमच्याकडे घरोघरी हेच. तांदूळ, तिखट, साबणाचा चुरा. मीही करतो. पण ती दुसरी पावडर जड आणि तेज. माझ्या मापात तेवढीच दिसली, वजनाने कितीतरी जास्त गेली. मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो भिंतीला टेकून रडला.
मग माझं मला आठवलं. पहिलं माप मी काट्यावर ठेवतोच. शनिवारी ठेवलं नाही. त्याला गावच्या गमती सांगत होतो.
तो डबा अजून फळीवर आहे, सीलच्या आत. वर पावडरीच्या नावाची चिठ्ठी, माझ्या हातची.

बुध. १३
दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई आपल्या साताऱ्याच्या. अंगठा गेला, म्हणाल्या. अबू फहद मला बघून हसले. बंदूक जुनी होती, पोलिसांना तेच सांगितलं, म्हणाले. खलास, म्हणजे विषय संपला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बाहेर येऊन जिन्यात बसलो. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्याचीच जास्त लाज.

गुरु. १४
गावाहून बहिणीचा, रुबिनाचा फोन. सातवा महिना तिला. नईमने सगळं सांगितलेलं दिसतंय.
"भाई, त्याचं नाव नको घेऊस."
आणि माझं? मी विचारलं. मग म्हणाली,
"तू मोठा आहेस."
सख्खी बहीण. फोन ठेवल्यावरही तसाच हातात धरून होतो.

शनि. १६
पोलिसांनी उद्या बोलावलंय. काडतुसं उघडून बघितलीत, काही विचारायचंय म्हणे. नईमने स्वतःचा शर्ट इस्त्री करून खिशात इकामा, इथला राहायचा परवाना, घालून ठेवलाय. मीही येतो म्हणतो. त्याला नेऊ की नको, माझं अजून ठरत नाही.
दुपारी अबू फहदच्या मुलाचा निरोप: बाबा आता डाव्या हाताने नेम धरायला शिकणार आहेत. काडतुसं तुम्हीच भरायची, दुसऱ्या कुणाची नकोत.