ढोल बाहेर ठेवलेल्या रेकॉर्डबाबत

मी, थिओफिल दुवर्ने, वय सदुसष्ट, धंदा ढोल वाजवणे आणि तो सुटल्यावर घरांना गिलावा करणे, राहणार ट्रेमे वस्ती, न्यू ऑर्लिअन्स, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि धड डोक्याने लिहीत आहे. दारू प्यायलेलो नाही. दडपण कोणाचेही नाही. वीट मात्र पुष्कळांचा आलेला आहे, तो कलमवार नोंदवतो.

कलम १. राहते घर, मागच्या अंजिराच्या झाडासह, माझा भाचा अर्मां यास मिळावे. अट एकच: माझ्या अंत्ययात्रेत आमच्या बँडची १९२३ सालची ती रेकॉर्ड वाजवायची नाही. मी जिवंत असतानाच त्याने भोंग्याची गाडी ठरवून ठेवली आहे. "मामा, जगभरचे लोक ती ऐकतात," असे मलाच सांगतो. ऐकोत बापडे. यात्रेत वाजली, तर घर चर्चला जाईल आणि अर्मांने भाड्याची खोली शोधावी.

कलम २. अटीचे कारण लिहून ठेवतो, म्हणजे वकिलांना डोके खाजवायला नको. तेव्हा रेकॉर्डिंगला वीज नव्हती. भिंतीतून एक पत्र्याचा कर्णा आत आलेला असे. त्याच्यासमोर वाजवायचे आणि पलीकडे सुई फिरत्या मेणात आवाज कोरायची. नाजूक वाद्य कर्ण्याशी, दांडगे लांब. ल्युसियाँ रोबिशो, माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि बँडचा म्होरक्या, क्लॅरिनेट घेऊन कर्ण्याच्या तोंडाशी होता, आणि मी पार दाराजवळ. पहिल्याच गाण्यात मी ढोलावर टोला हाणला आणि सुई मेणावरून उडाली. रेकॉर्ड कंपनीचा साहेब लालबुंद होऊन पलीकडून बाहेर आला. ढोलाने माझ्या कानांत दडे बसलेले. मला दिसले ते एवढेच, की ल्युसियाँ माझ्याकडे बोट दाखवून हसतो आहे. मग तो जवळ आला आणि म्हणाला, "थिओ, ढोल बाहेर ठेव. ठोकळा वाजव."

वीतभर लाकडी ठोकळा. टकटक, टकटक. मयतीत आणि मिरवणुकीत रस्ता हलवणारा माणूस मी, आणि जगाच्या कानात माझा आवाज म्हणजे सुतारपक्षी. घरी परतलो, बँड सोडला आणि ल्युसियाँला दार बंद केले. तो दर ईस्टरला यायचा, कडी वाजवायचा, थोडा वेळ थांबायचा आणि जायचा. सत्तावीस वर्षे हे चालले. मी आत बसून भिंतीकडे बघत असे.

कलम ३. हल्ली उत्तरेकडून रेकॉर्डी जमवणारे लोक येतात. वही उघडून "ठोकळेवाले दुवर्ने आपणच ना?" असे विचारतात आणि डोळे पुसतात. माझ्या टकटकीत त्यांना जंगल ऐकू येते म्हणे. मी जन्मात जंगल पाहिलेले नाही. या लोकांची मला शिसारी येते. ठोकळा त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती लागू नये. अर्मांने तो चुलीत घालून त्यावर आमच्याकडे दर सोमवारी असतो तो राजमा शिजवावा.

कलम ४. गिलाव्याच्या थाप्या शेजारी एव्हारिस्ट याला देणार होतो, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. त्याच्या भिंती तशाच राहणार. थाप्या अर्मांला द्या, गंजू द्या.

कलम ५. ल्युसियाँ गेल्या वर्षी वारला. त्याची यात्रा माझ्या खिडकीखालून गेली. ढोल वाजवणारा प्रत्येक ठोका मागे पाडत होता. मला ते ऐकवेना, तरी मी बाहेर गेलो नाही, खिडकी लावून घेतली. महिन्याने त्याची बायको सेलेस्टीन उशीच्या अभ्र्यात एक तबकडी गुंडाळून घेऊन आली. तिला दार उघडले.

"भावजी, हे तुमचं," ती म्हणाली. "त्या साहेबाच्या हातापाया पडून मागून आणलं होतं यांनी. थिओने दार उघडलं की देईन, म्हणायचे."

तबकडीवर हाताने 'खराब' असे लिहिलेले आहे. ती लावली. बँड सुरू होतो, माझा टोला पडतो, सुई खरवडते आणि पुन्हा मेणावर येते. बँड थांबलेला. ल्युसियाँ हसतो आहे, आणि कर्ण्याच्या तोंडाशीच असल्यामुळे त्याचे बोलणे लख्ख कोरले गेले आहे. तो साहेबाला सांगतो आहे: "हा बघा माझा ढोलवाला. याला मावेल असं मेण अजून बनायचंय."

एवढेच आहे. मी ते किती वेळा लावले ते लिहीत नाही. वर ज्यांना नावे ठेवली त्यांची येते त्याहून जास्त किळस मला त्या बंद दारामागे बसलेल्या माणसाची येते. तबकडी सेलेस्टीनला देत नाही, परत करतो. ती तिच्याच घरची आहे.

कलम ६. माझा मोठा ढोल, वर्गणीतून सभासदांच्या अंत्ययात्रा काढणाऱ्या आमच्या मयत मंडळाच्या बँडला द्यावा आणि पहिल्यांदा माझ्याच यात्रेत वाजवावा. जाताना रिवाजाप्रमाणे आवाज दबावा म्हणून लहान ड्रमच्या तारांखाली रुमाल असावा आणि ढोल हलक्या हाताने वाजावा. मला कबरीत ठेवून झाल्यावर, परतताना मोकळे वाजवायला रुमाल कबरस्तानाच्या फाटकाबाहेर काढतात, तो तिथे काढू नये. सगळ्यांनी ल्युसियाँच्या कबरीपाशी जावे. तिला आज सकाळीच चुना लावून आलो आहे, पांढरी दिसेल, चुकणार नाही. रुमाल तिथे काढावा आणि ढोलावर पहिला टोला अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने हाणावा. तिथे ना साहेब आहे, ना मेण. एक टोला मी त्याला देणे लागतो.

ठिकाण: न्यू ऑर्लिअन्स. सर्व संतांचा दिवस, १ नोव्हेंबर १९५१.

सही: थिओफिल दुवर्ने

साक्षीदार:
१. एव्हारिस्ट मेलाँसों. (माझ्या भिंतींना काही झालेले नाही.)
२. सेलेस्टीन रोबिशो. (वाचून सही केली. टोला मी उभी राहून ऐकेन.)