उरलेला वाल

बा, आज वर्गात वाल आणि चिंचोके घेऊन गेलेलो. कल्याणच्या शाळेत सायन्स शिकवतो मी आता, सातवीला. मिठाचं इक्वेशन पोरांना काही केल्या बॅलन्स होईना, म्हणून टेबलावर मांडून दाखवलं. चिंचोका म्हणजे सोडियम, वाल म्हणजे क्लोरीन. मागच्या बाकावरच्यांनाही कळलं. इतका खूश झालेलो मी, कधी एकदा कुणाला सांगतो असं झालेलं. डोंबिवलीला येऊन खोलीचं कुलूप काढलं तेव्हा लक्षात आलं, सांगायला आत कोणी नाही.

तुला आठवतं का? ठाण्याच्या इंग्रजी शाळेतून मी रडवेला होऊन आलोय. तू मिठागरावरून येऊन ओट्यावर बसलायस, पाय मिठाने चिरलेले, आणि भिजवलेले वाल सोलतोयस. आई गेल्यापासून रांधणं तुझ्याकडेच. मी म्हटलं, "मिठाचं इक्वेशन चुकलं. इंग्रजीतलं आहे बा, तुला नाही कळणार." तू म्हणालास, "मिठाचा हाय ना? मंग सांग." मी सांगितलं, सोडियम एकेकटा येतो, क्लोरीन मात्र जोडीनेच येतो, आणि मिठात दोघांचा एक-एकच लागतो. तू एक चिंचोका घेतलास, दोन वाल घेतलेस. मीठ झालं, एक वाल उरला. "ह्याचा काय करशील?" मी तोही मिठाला चिकटवला. वहीत तेच केलेलं, खाली छोटा दोन लिहून. तू हसलास. "मंग ते मीठ नाय राहिला, दुसराच कायतरी झाला. असा मीठ पिकवला तर मुकादम मला हाकलून देल." मग तो वाल बोटाने पुढे सरकवलास. "ह्याला फेकू नको. ह्याच्यासाठी अजून एक चिंचोका आण. दोन मीठ होतील."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गात माझं एकट्याचं बरोबर आलं. सरांनी इंग्रजीत विचारलं, कोणी शिकवलं? सगळे मान वळवून बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्या काकाने, सर. तो कॉलेजात आहे." मला काका नाही, हे तुला काय सांगू. संध्याकाळी तू विचारलंस, "मंग, माझा नाव सांगितलास?" मी म्हटलं, "सांगितलं की." तू ते सगळ्या मिठागरावर सांगितलंस. मुकादमसुद्धा चेष्टेने तुला 'मास्तर' म्हणायला लागला, आणि तू 'ओ' द्यायचास. पुढच्या वर्षी तू गेलास, तोवर देत होतास. स्वातंत्र्य आलेलंही तू पाहिलं नाहीस.

आज हेडमास्तर दारात उभे राहून बघत होते. "छान. ही युक्ती कुठून काढलीत?" मी म्हटलं, "ट्रेनिंगला दाखवलेली, सर." विचार न करताच तोंडातून निघालं, तेव्हा निघालेलं तसंच.

वाल घरी आणलेत. एकट्यासाठी बिरडं कोण करणार, वाटीत पडलेत. हे पत्र टाकायला पत्ता नाही. आणि तू असतास तरी तुला वाचता येत नव्हतं, मीच समोर बसून वाचून दाखवलं असतं. काकाची ती ओळ आली असती ना, तर ती सोडून मी पुढचं वाचलं असतं.