माझी सून खोटं बोलत न्हाय

तीर्थरूप आण्णा,

मेंढपाळाच्या घरात लग्न केलं म्हणून तुम्ही मला तामलवाडीचं दार बंद केलंत. "आजारी पडलीस तर तिथं कुणी पाणीसुदीक देणार न्हाय," म्हणाला होतात.

गेल्या साली मी खरंच आजारी पडले. पाठ इतकी दुखायची की उठवेना, पायही जड पडले. भावकी म्हणाली, कामाचा कंटाळा आहे. सासूबाई म्हणाल्या, "माझी सून खोटं बोलत न्हाय." नवरा मेंढरांमागं रानात, म्हणून त्यांनीच मला धाराशिवला नेलं. सीटी स्कॅनमध्ये मणक्याचं हाड पोखरलेलं दिसलं. डॉक्टरांनी सीटीत बघतच तिथला नमुना सुईनं काढला आणि तपासणीत टीबी निघाला. मग वर्षभर सासूबाई रोज समोर बसून मला गोळ्या घ्यायला लावायच्या. न्हाऊमाखू त्यांनीच घातलं.

आता मणका भरून आलाय. परवा येडशीच्या बाजारात मी चालत होते, तर सासूबाई दिसेल त्याला सांगत होत्या, "ही माझी वैष्णवी."

हे पत्र मी टाकणार न्हाय. तुम्ही कधी आलात, तर उंबऱ्यात ताठ उभी राहून तोंडानंच सांगीन, मी कुणाची सून आहे ते.

तुमचीच लेक,
वैष्णवी