खोडलेलं दोनशे

औरंगाबाद, ७ मार्च १९९४

प्रिय उमे,

अक्षर ओळखून हे पत्र चुलीत टाकू नकोस, बाई. तुझा राग सिल्लोडहून इथंवर पोचतोय आणि तो रास्तच आहे. तरी वाच.

तुझ्याविना प्रयोगशाळा लई सुनी वाटते. लेझरचा लाल ठिपका, ताणलेली तार, पडद्यावरचे काळे-लाल पट्टे, सगळं जागच्या जागी आहे. पट्ट्यांमधलं अंतर मोजून तारेची जाडी सांगणारं हे यंत्र आपण दोघींनीच उभं केलं. तुझी वेणी टेबलाला घासली तरी पट्टे नाचायचे आणि मी तुझ्यावर खेकसायचे. आता खेकसायला कुणी नाय.

तारेच्या रिळावर जाडी ऐंशी मायक्रॉन छापलेली, आपलं उत्तर मात्र दर वेळी नव्वद. तू म्हणायचीस, छापणाऱ्याचं चुकलं असेल. मला सरांना वही देण्याची घाई! सगळे करतात तसं मीही उत्तरावरून उलटं गणित मांडलं. तार ते पडदा हे अंतर, तू टेपनं मोजलेलं दोनशे सेंटीमीटर, खोडून एकशे अठ्ठ्याहत्तर केलं. आलं ऐंशी.

आपला प्रकल्प बघणाऱ्या कारभारी सरांनी स्वतः टेप लावला, दोनशेच भरलं. खोटा आकडा कुणाचा, म्हणून ते कडाडले. मोजणीखाली सही तुझी होती. तू माझ्याकडं पाहिलंस; मी पडद्याकडं पाहत राहिले. सरांनी वहीवरून तुझं नाव काढलं, आणि माझं नाव न घेता तू दप्तर उचलून सिल्लोडला गेलीस. त्या दिवसापासून घास उतरत नाय गं.

आज चितेगावच्या कारखान्यानं शंभर मायक्रॉनची तपासलेली तार पाठवली. यंत्रानं बरोब्बर शंभर दाखवले. मग आपलं रीळ लावलं, तर नव्वद! छापलेला आकडाच चुकीचा होता. सरांनी वही उघडली. म्हणाले, छापणाऱ्याचं चुकलं म्हणणारी उमा स्वतःचं खरं माप खोडेल कशाला?

मी सांगितलं, उमे. सगळ्यांसमोर, रडत, पण सांगितलं. सरांनी मला प्रकल्पातून काढलं आणि वहीवर तुझं नाव परत लिहिलं. शनिवारी दहाला कारखान्याचे लोक यंत्र बघायला येतील. पट्टे तुझ्याशिवाय कुणाला जुळवता येत नायत. सकाळच्या एसटीनं ये. मला आत यायची मनाई आहे. दाराबाहेर थांबेन, बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच, अजून तसं लिहू देत असलीस तर,
भानुमती