न्हाणीमागचं अर्थिंग

प्रतिभा,

मी सकाळच्या एसटीने पोशेऱ्याला भावाकडे जाते आहे. चहा पातेल्यात आहे, गरम करून घे. वायरमन मंगेश अकरा वाजता येईल, मीच त्याला फोन केला. तोवर वॉशिंग मशीनला हात लावू नकोस.

काल तो म्हणाला, "आजी, नुसता बोर्ड बदलून भागणार नाही, तुमचं अर्थिंग मेलंय," आणि मी त्याला हाकलून दिलं. घरात वीज आली त्या वर्षी ह्यांनी तो खड्डा स्वतः खणला होता. मीठ-कोळसा मी भरला, उन्हाळाभर पाणीही मीच ओतायची. ते मेलं, हे मला ऐकवलं नाही. तू मशीनला हात लावला की मुंग्या येतात म्हणालीस, तेव्हाही मी "चप्पल घाल, नाजूक कुठली!" म्हणाले.

आज पहाटे मी अनवाणी उभी राहून मशीनला हात लावला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. चुकलं माझं.

मंगेशला त्याच खड्ड्यात, न्हाणीमागे खणू दे. बाकी अंगणात हातभर खाली कातळ आहे. बोर्डापर्यंतची नवी वायर जाड घे म्हणावं, आणि नळाचा लोखंडी पाइपही तिला जोडायला सांग. मीटर लावून अर्थिंग नीट लागल्याचं दाखवल्याशिवाय त्याला सोडू नकोस. हरेश फोनवर "कशाला एवढं?" म्हणेल. आईने सांगितलंय म्हण.

संध्याकाळच्या गाडीने परत येईन. भावाकडे तसं काही काम नाही. ह्यांचा खड्डा उकरताना मला बघवणार नाही, एवढंच.

— आई